जाळी कुणी उचलली?

मुंबईत पाणी येत नाही ही तक्रार ऐकायला नगरसेवकापासून टँकरवाल्यापर्यंत सगळे तयार असतात. पाणी जात नाही, ही तक्रार मात्र लॉन्ड्रीवाल्याने एकट्याने सोसायची. साकीनाक्याच्या एखाद्या इंडस्ट्रियल गाळ्यात ३० किलोची धुण्याची तीन मशिनं ओळीने उभी असतात. शनिवारी हॉटेलच्या चादरींचा ढीग पार पंख्याला टेकलेला असतो आणि नेमकं तेव्हाच मशीनमागच्या चरातलं पाणी पुढे जायचं सोडून वर यायला लागतं. लगेच मतं पडतात. मशीनचा मेकॅनिक म्हणतो, पाइप लहान. प्लंबर म्हणतो, पावडर भिकार. पावडरवाला म्हणतो, पाणी जड. पलीकडच्या गाळ्यातून आवाज येतो, "ओ लॉन्ड्रीवाले, तुमचा फेस आमच्या उंबऱ्यापर्यंत आलाय!" एकटा मशीनवरचा पोरगा काही बोलत नाही. चरातली कचरा अडवणारी जाळी कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की चोकअप त्या दिवशी झालेला नसतो. जाळी उचलली गेली तेव्हाच तो झालेला असतो, पाइप फक्त महिन्याभराने कळवतो. तोवर ती कुणी उचलली याची चौकशी करून हाती काही लागत नाही. कुणीच उचललेली नसते. ती आपोआप वर आलेली असते.

आधी पाण्याचा हिशोब करू, कारण तो मशीन घेताना कुणीच करत नाही. मशीन कपडे धुताना किलोमागे साधारण ४ ते ५ लिटर पाणी घेतं आणि खळबळताना ७ ते ८. म्हणजे ३० किलोच्या मशीनमध्ये खळबळायच्या वेळी दोनशे दहा ते दोनशे चाळीस लिटर पाणी असतं. घरच्या मशीनसारखं हे पंपाने तब्येतीत बाहेर जात नाही. खाली दोन-तीन इंची डंप व्हॉल्व असतो, तो उघडला की मिनिटाभरात सगळं बाहेर, सेकंदाला चारेक लिटरच्या वेगाने. दोन मशिनांचे व्हॉल्व एकदम उघडले तर आठ लिटर, आणि ते एकदमच उघडतात, कारण मशिनंही पोराने एकदमच लावलेली असतात. ४० फुटांत एक फूट उतार असलेला, आतून स्वच्छ असा चार इंची पाइप एवढं पाणी जेमतेम पेलतो. त्यात आतून लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारा तंतूंचा गाळ, बसून व्यास निम्मा झाला, तर क्षमता निम्मी राहील असं वाटतं. तसं होत नाही. ती सहाव्या हिश्शावर येते. हे ऐकून शेठ विचारतात, "मग सहा इंची टाकून टाकू?" टाका की. पण बाहेरच्या चेंबरपासून पुढे चारचाच असेल, तर तुम्ही फक्त तुंबायची जागा दहा फूट पुढे सरकवलीत.

हा लोट थोपवायला मशीनमागे चर हवा, आणि तो मोजून हवा. ४ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर खोल चरात ५४० लिटर पाणी मावतं. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड तळाशी ठेवायचं नाही, १५ सेंटीमीटर वर ठेवायचं. मग वापरायला ३६० लिटर उरतात आणि दोन मशिनांचा लोट तेवढ्यात दम खातो. तळाच्या १५ सेंटीमीटरांत नाणी, पिना आणि वाळू बसते. जुहूच्या बाजूच्या हॉटेलांचे टॉवेल घेत असाल तर वाळूला हलक्यात घेऊ नका. ती कुठल्याही जाळीतून आरपार जाते आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाणी साठणाऱ्या वळणात, बसून सिमेंटची वाट बघते. आठवड्यातून एकदा तळ खरवडला की तिचा विषय संपला.

आता जाळी. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांत व्यावसायिक लॉन्ड्रीला काढता येणारी टोपली सक्तीची आहे, अर्ध्या इंचाची किंवा त्याहून मोठी वस्तू, दोरे, चिंध्या, बटणं पुढे जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडे एवढं केलं तरी बटणांपुरता प्रश्न सुटतो. लिंट मात्र अर्ध्या इंचातून गाणं म्हणत जातं. म्हणून जाळ्या दोन लागतात. पहिली १२ मिलिमीटर भोकांची, चिंध्या, मोजे आणि रुमाल अडवायला. दुसरी ३ मिलिमीटरची, लिंटसाठी. दोन्ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या. लोखंडी जाळी स्वस्त पडते खरी, पण ब्लीचचं पाणी तिला खातं आणि एक दिवस हातात नुसती चौकट येते.

बारीक जाळी उभी बसवली की दोन तासांत गच्च होते. पाणी तिच्या डोक्यावरून वाहतं, जमिनीवर येतं, आणि पोरगा जाळी उचलतो. त्याचं काय चुकलं? पायाखाली पाणी, समोर अडकलेलं मशीन, वरून शेठचा फोन. अशा वेळी माणूस जाळी उचलणारच, हे धरूनच चर बांधायचा. बारीक जाळी तिरकी बसवा, पाण्याच्या दिशेने ४५ अंशात कललेली, म्हणजे त्याच चरात जवळपास दीडपट क्षेत्रफळ मिळतं. खाचा दोन ठेवा, १० सेंटीमीटर अंतराने, आणि जाळ्यांचा जास्तीचा जोड ठेवा. नियम असा की मागच्या, म्हणजे पाइपाकडच्या, खाचेत दुसरी जाळी बसल्याशिवाय पुढची वर येणार नाही. जाळीला साखळी वेल्ड करून दुसरं टोक चराच्या कडेला अडकवा, इतकी आखूड की जाळी भिंतीपर्यंत पोचूच नये. कागदावर लिहिलेल्या सूचनेपेक्षा दीड फुटाची साखळी जास्त शिस्त लावते.

काढायची पद्धतही ठरलेली असावी. दोन डंपच्या मधली वेळ गाठायची. मागे दुसरी जाळी सोडायची, पुढची उचलून चराच्या मशीनकडच्या बाजूला मिनिटभर निथळू द्यायची, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून बादलीत. नळाखाली धरून धुवायची नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण नव्वद टक्के ठिकाणी (हा माझा डोळ्यांचा अंदाज, पाहणी वगैरे नाही) जाळी अगदी मन लावून धुतली जाते, आणि नेमकी जाळीच्या पुढच्या बाजूला, पाइपाच्या तोंडाशी. तीन तास अडवलेलं सगळं दहा सेकंदांत सन्मानाने रवाना होतं.

बादलीत काय येतं ते एकदा बघण्यासारखं असतं. टॉवेल पांढरे शुभ्र आणि लिंट करडं, बोटाएवढ्या जाडीचं. त्यात केसांची गुंतवळ, टिकल्या, शॅम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, हॉटेलच्या शिवणकिटातली बटणं, टी-बॅगचा दोरा आणि दात कोरायच्या काड्या. काडी दिसायला गरीब, पण सगळ्यांत वाईट वस्तू तीच. १२ मिलिमीटरच्या भोकातून ती उभी निघून जाते, मागची बारीक जाळी जागेवर नसली की पाइपात शिरते आणि पहिल्या बेंडला आडवी होते. मग तिला एक केस अडकतो, केसाला लिंट, लिंटला साबणाचा मळ, आणि थोड्याच दिवसांत आत भिजलेली वाकळ अंथरल्यासारखं होतं. स्प्रिंग मारणारा येतो, वाकळीला मधोमध भोक पाडतो, पाणी सळसळत जातं, तो पैसे घेऊन जातो. वाकळ तिथेच असते. पुढच्या आठवड्यात भोक बुजतं. हे टाळायचं तर प्रेशर जेट लावायचा, आणि तोही खालच्या चेंबरकडून वरच्या दिशेने, म्हणजे मागे फेकलेल्या पाण्याबरोबर घाण चेंबरात परत येते. चेंबरच्या पुढच्या तोंडाला आधी जाळी लावायची, नाहीतर आपली वाकळ पालिकेच्या लाइनला भेट. चेंबरात माणूस मात्र उतरवायचा नाही. कुजलेल्या लिंटखाली विषारी वायू साठतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'दोन मिनिटांचं काम आहे, भाऊ' हे वाक्य कानावर आलं की झाकण बंद करा.

काही जण केमिकलवर विसंबतात. संध्याकाळी कॉस्टिक ओतायचं, रात्री झोपायचं, सकाळी लाइन मोकळी. चरबी असेल तर थोडा गुण येतो. पण लिंट म्हणजे बहुतेक सूत, आणि सुताला कॉस्टिकने काही होत नाही. मर्सराइज्ड कापड तयार करताना सूत मुद्दाम कॉस्टिकमध्येच बुडवतात, त्याने ते चकाकतं आणि मजबूतही होतं. म्हणजे पैसे भरून आपण तुंबलेल्या पाइपाला चांगल्या प्रतीचं करून देतो. अ‍ॅसिड तर हातातच घेऊ नका. चरात ब्लीचचं पाणी उरलेलं असतं, त्यावर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि मग गाळा मोकळा होतो, लाइन तशीच.

खरं तर कचरा कोरडा असतानाच धरला तर यातलं बरंच वाचतं. त्याची जागा चाळणीच्या टेबलावर. टेबलाचा पृष्ठभाग जाळीचा, खाली ट्रे. प्रत्येक चादर एकदा झटकायची, प्रत्येक खिसा उलटा करायचा. तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांचे खुर्च्यांचे कव्हर आणि टेबलक्लॉथ यायला लागतात, आणि त्यांच्या घडीघडीत अक्षता. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींच्या हे ध्यानात नसतं, पण सत्तर अंशांच्या पाण्यात तांदूळ फुगतो आणि त्याची पेज होते. पेज ३ मिलिमीटरच्या जाळीतून जाते आणि पुढे गार पाइपात लिंटला धरून बसते. नवरा-नवरी दोघं सुखी असतात, लॉन्ड्रीवाल्याचा संसार तुंबतो. कव्हर कोरडंच झटकलं तर हे होत नाही. गजऱ्याचे दोरे मात्र हाताने काढावे लागतात. त्यांना झटकण्याची लाज नाही.

हॉटेलच्या किचनची फडकी वेगळी लावा. त्यातलं तूप-तेल गरम पाण्यात आणि पावडरीत फुटून दुधाळ होतं, म्हणून तेल-चरबी अडवणाऱ्या टाकीला, ग्रीस ट्रॅपलाही, चकवा देतं, आणि जमिनीखालच्या गार पाइपात पुन्हा थिजतं. ही फडकी आणि नवे टॉवेल लागोपाठ लावले की चिकटवायला चरबी आणि चिकटायला लिंट, दोन्ही आपणच पुरवलं. नवा टर्किश टॉवेल पहिल्या तीन-चार धुण्यांत सगळ्यांत जास्त लिंट सोडतो. तो माल वेगळा धुवा आणि दर लोडनंतर जाळी बदला. इतर दिवशी पाळीला दोनदा पुरते. तलावाचं पालिकेचं पाणी मऊ आहे, पण बोअर किंवा टँकरचं जड पाणी आलं की साबणाचा पांढरा चोथा बनतो आणि तोही याच मंडळींना सामील होतो.

ड्रायरच्या लिंटबद्दल बोललो नाही तर पाप लागेल. ते बिचारं कोरडं, हलकं, गोळा करायला सोपं. त्याची पिशवी भरायची आणि संपलं. पण रात्री झाडू मारायचा कंटाळा येतो, मग होज पाइप घेऊन ड्रायरच्या मागची सगळी जमीन नहाणीकडे ढकलली जाते. पाइपाला जाळ्या लावून शिणलो, आणि नहाणीला साधी स्टीलची जाळीही नाही. आधी झाडू, मग पाणी, या क्रमात उलटापालट करायची नाही.

मशीनकडेही थोडं लक्ष हवं. धुणं चालू असताना मशीन पुन्हा पुन्हा पाणी भरत असेल, तर बहुतेक डंप व्हॉल्वच्या तोंडाशी बटण किंवा दोरा अडकलाय. व्हॉल्व पुरता मिटत नाही, पावडर गटारात जाते आणि चादर कोऱ्या पाण्यात फिरते. उलट, पाणी जायला वेळ लागून मशीन एरर दाखवत असेल तर ती चराची हाक समजा. डंप व्हॉल्वच्या मशीनला तोंडाशी नायलॉनचा मोजा बांधायचा नाही, दोनशे लिटरांचा लोट त्यातून मिनिटात जात नाही. मोजा घरगुती मशीनच्या होजलाच ठीक, तोही रोज बदलला तर.

पावसाळ्यात मोठी भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आले की बाहेरचं चेंबर आपलं पाणी घेत नाही, उलट स्वतःचं देतं. त्यासाठी नॉन-रिटर्न फ्लॅप, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारं झाकण, बसवतात. पण फ्लॅपवर लिंट बसलं की तो अर्धवट उघडा राहतो, म्हणून जूनच्या आधी खोलून पुसायचा. लाइन मलनिस्सारणाच्याच चेंबरला जोडलेली आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्या. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी, आणि तिथे साबणाचं पाणी सोडलं तर वॉर्ड ऑफिसच्या माणसाला फेस फार लांबून दिसतो.

उरली ती बादली. कचऱ्याची गाडी आली की नवा वाद. गाडीवरचे दादा म्हणतात, "ओलं आहे, हिरव्या डब्यात टाका." खतवाले म्हणतात, यात पॉलिस्टर आहे, आम्हाला नको. निळ्या डब्याजवळ नेलं तर, "पाणी गळतंय, सुक्यात कसं घेऊ?" दोघंही बरोबर. त्यावर उपाय म्हणजे भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये ते रात्रभर पसरून ठेवायचं, सकाळी पिळून कोरडं झालं की पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात. क्रेट मात्र चरावर ठेवा, जाळीच्या मशीनकडच्या बाजूला.