शब्दांचा अनुशेष

नोव्हेंबरची २१ तारीख उजाडली आहे, याच महिन्यात पूर्ण करायच्या ५०,००० शब्दांच्या संकल्पित कादंबरीचे १२,००० शब्द झाले आहेत आणि उरलेले ३८,००० शब्द कोठून आणावेत, हा प्रश्न आपल्याला पडला आहे. सर्वप्रथम आपले अभिनंदन. जो पहिल्या दिवसापासून नेमाने लिहीत जातो, त्याच्या वाट्याला महिन्याअखेर फक्त एक कादंबरी येते. आपल्या वाट्याला अनुशेष आला आहे, आणि अनुशेष असलेल्या माणसाला लेखनाखेरीज इतकी कामे असतात की त्याचा एकही दिवस रिकामा जात नाही.

महिनाभरात कादंबरी लिहिण्याचा ‘नॅनोरायमो’ (NaNoWriMo) नावाचा हा उद्योग ख्रिस बेटी यांनी जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांना घेऊन सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरमध्ये नेला. तीस दिवस, पन्नास हजार शब्द आणि दर्जाची कोणतीही अट नाही, एवढेच त्याचे स्वरूप आहे. यांपैकी शेवटची सवलत सगळे पहिल्याच दिवशी मनापासून स्वीकारतात. भागाकार केला असता रोजचे १,६६६ आणि दोन तृतीयांश शब्द येतात. दोन तृतीयांश शब्द म्हणजे नेमके काय, यावर मनन करण्यात एक संध्याकाळ चांगली जाते.

मागे पडण्याची भीती बाळगू नये, कारण गणित सुरुवातीला फार दयाळू असते. पहिल्या दिवशी एक अक्षरही लिहिले नाही, तरी रोजचा वाटा १,६६७ वरून केवळ १,७२५ होतो, म्हणजे संपूर्ण दिवसाच्या विश्रांतीची किंमत रोजचे अवघे ५८ शब्द. एवढ्या स्वस्त दरात विश्रांती मिळत असताना ती न घेणे हा अव्यवहारीपणा ठरेल. दुसरा दिवसही सोडल्यास वाटा १,७८६ होतो, पूर्ण आठवडा सोडल्यास २,१७४, पंधरवडा सोडल्यास ३,३३४ आणि वीस दिवस सोडल्यास नेमका ५,०००, जो आकडा निदान लक्षात ठेवायला सोपा आहे. अगदी २९ दिवस कोरे गेले तरी शेवटच्या चोवीस तासांत मिनिटाला जेमतेम ३५ शब्द पुरतात. सराईत टंकलेखकाला हा वेग मुळीच जड नाही. फक्त त्याने त्या दिवशी जेवू नये, झोपू नये आणि विचार करू नये. यांपैकी तिसरे पथ्य तर आपण महिनाभर पाळतच आला आहात.

आपल्याला आता रोज ३,८०० शब्द लिहायचे आहेत. यासाठी आधी तक्ता करावा. त्यात तारीख, उद्दिष्ट, प्रत्यक्ष शब्दसंख्या, तूट आणि सुधारित उद्दिष्ट असे रकाने असावेत. तुटीचा रकाना लाल करावा आणि लाल रंगाची योग्य छटा सापडेपर्यंत थांबू नये. रात्री तक्ता पूर्ण झाला की त्या दिवशी काहीच न लिहिल्यामुळे त्यातील सर्व आकडे चुकीचे झालेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा करावा लागतो. या पद्धतीने काम कसे भरीव झाल्यासारखे वाटते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

तरीही शब्द हवेतच, अशी आपली हट्टाची भूमिका असेल तर आपण मराठीत लिहीत आहोत, हा अन्याय आधी ध्यानात घ्यावा. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ एवढे म्हणायला आपल्याला दोन शब्द लागतात आणि इंग्रजी लेखकाला त्याच जागी आठ मिळतात. त्याचा नायक त्या झाडापर्यंत पोहोचेतो त्याचा परिच्छेद भरलेला असतो. आपला नायक मात्र झाडाखाली बसून पुढे काय करावे याची वाट पाहत राहतो. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहावीत, हा नियम ज्यांनी केला त्यांना कधी महिनाभरात कादंबरी लिहायची नव्हती, हे उघड आहे. शब्द मोजणारे यंत्र मात्र व्याकरण शिकलेले नाही. त्याला फक्त मोकळी जागा कळते. तेव्हा ‘घरा समोरच्या झाडा खाली’ असे लिहावे आणि शब्दसंख्या जागच्या जागी दुप्पट झालेली पाहावी.

शाळेत ज्या समासविग्रहाचा आपण इतका तिरस्कार केला, त्याचा उपयोग कळण्याची वेळ हीच आहे. ‘आईवडील’ हा एक शब्द आहे, ‘आई आणि वडील’ हे तीन. ‘बरेवाईट’ लिहिणे ही उधळपट्टी आहे, ‘बरे किंवा वाईट’ ही बचत. समाहार द्वंद्व तर अनुशेषग्रस्तांसाठीच निर्माण झाला असावा, कारण ‘अंथरूणपांघरूण’ सोडवले की ‘अंथरूण, पांघरूण व इतर कपडे’ असे पाच शब्द मिळतात आणि नायिकेच्या निद्रानाशाच्या प्रसंगात हे दर रात्री करता येते. याच्याही पलीकडे जायचे असेल तर कार्यालयीन मराठीचा आश्रय घ्यावा. ‘तो गेला’ हे वाक्य कथानक पुढे नेते, म्हणून ते टाळावे. ‘त्याच्याकडून जाण्याची क्रिया करण्यात आली’ या वाक्याने तो जातोही आणि आपले तीन शब्द वाढतात. प्रेमप्रसंगात हा प्रयोग विशेष खुलतो.

पात्राचे नाव एकच शब्दाचे ठेवले असल्यास ती चूक आजच सुधारावी. मजकुरात नायकाचे नाव ६०० वेळा आले असेल, तर ‘शोधा आणि बदला’ या सोयीने त्या जागी तीन शब्दी नाव घालताच एका क्षणात १,२०० शब्दांची भर पडते, आणि प्रेयसी त्याला अंगणातून पूर्ण नावाने हाक मारू लागते, त्यामुळे नात्याला आपोआप एक प्रकारचे गांभीर्य येते. स्वप्ने, पत्रे आणि आजोबांच्या आठवणी यांचाही पुष्कळ उपयोग होतो. स्वप्न हा प्रकार मला व्यक्तिशः आवडत नाही. परंतु ज्या कादंबरीत जागेपणीही काही घडत नाही, तिच्यात त्याने विशेष बिघडणार नाही.

लिहिलेले काहीही खोडू नये, हे वेगळे सांगायला नको. एखादा प्रसंग अगदीच असह्य झाला, तर त्याची अक्षरे पांढरी करावीत. तो दिसत नाही, पण मोजला जातो.

या काळात थोरांची उदाहरणे जवळ बाळगावीत, मात्र ती अर्धीच वाचावीत. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्याच्या नोकरीवर जाण्यापूर्वी पहाटे साडेपाचला बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. या वेगाने आपला मूळचा रोजचा वाटा १०० मिनिटांत संपला असता, हा हिशेब करू नये, त्याने उगाच मन खट्टू होते. त्याऐवजी तसेच एखादे घड्याळ शोधण्यास प्रारंभ करावा. दस्तयेव्हस्कीचे उदाहरण आपल्याला अधिक मानवेल. १८६५ मध्ये केलेल्या करारानुसार त्याला १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी द्यायची होती, अन्यथा त्याच्या लेखनाचे हक्क नऊ वर्षे फुकट प्रकाशकाकडे जाणार होते. ऑक्टोबर उजाडला तरी तिचे एक पानही झाले नव्हते, आणि अखेर त्याने ती २६ दिवसांत पूर्ण केली. येथेच वाचन थांबवावे. तो त्याच काळात दुसरी एक प्रचंड कादंबरी मासिकातून क्रमशः लिहीत होता, हा तपशील आपल्या उपयोगाचा नाही. त्याने मजकूर सांगायचा आणि लघुलेखिका ॲना हिने तो उतरवून घ्यायचा, अशी व्यवस्था होती, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याने तिच्याशी विवाह केला. तेव्हा आपल्याकडे लघुलेखिका नाही, ही सबब मात्र अवश्य टिपून ठेवावी.

राहता राहिला पडताळणीचा प्रश्न. पूर्वी महिन्याअखेर मजकूर हा उद्योग चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर चढवून शब्द मोजून घेता येत, आणि तेथील मोजणी आपल्या संगणकातील मोजणीशी कधीकधी जुळत नसे, म्हणून जाणकार थोडे शब्द वरकड लिहून ठेवीत. २०२५ मध्ये त्या संस्थेने आपले काम बंद करत असल्याचे जाहीर केले. आता मोजणारे कोणी नाही, विचारणारे कोणी नाही, आणि आपण ५०,००० शब्द लिहिल्याचे आजच जाहीर केले तरी हरकत घेणारेही कोणी नाही. असे असूनही ३० तारखेच्या रात्री साडेअकरा वाजता आपण ‘तिच्या साठी’, ‘तिच्या मुळे’, ‘तिच्या शिवाय’ असे एकेक अव्यय तोडत बसलेले असाल. फसवायला एकच माणूस उरलेला असेल आणि सुदैवाने तो तीन रात्री झोपलेला नसेल.