नील यंग यांचा रोख सैनिकांवर नव्हता

रॉक गायक-गीतकार नील यंग यांच्या २००६ सालच्या ‘लिव्हिंग विथ वॉर’ या अल्बममध्ये अमेरिकी सैनिकांचा अपमान केला आहे, असे रॉकप्रेमींच्या वादात अजूनही ठासून सांगितले जाते. ते खरे नाही. इराक युद्धाविरुद्ध अवघ्या काही दिवसांत ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमचा रोख सत्ताधाऱ्यांवर, त्यातही राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यावर आहे. ‘फॅमिलीज’ या गाण्यात घरच्या माणसांच्या ओढीने परतू पाहणारा सैनिकच बोलतो, आणि अल्बमचा शेवट शंभर जणांच्या गायनवृंदाने म्हटलेल्या ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ या देशभक्तिगीताने होतो.

गैरसमजाचे मूळ बहुधा महाभियोगाची मागणी करणाऱ्या गाण्यात असावे. त्यात बुश यांच्याच भाषणांचे परस्परविरोधी तुकडे एकापाठोपाठ वाजतात आणि गायनवृंद ‘फ्लिप’, ‘फ्लॉप’ असे ओरडतो. हा प्रकार बोचरा आहे, माझ्या मते जरा भडकही. पण त्यातला नेम एकाच माणसावर आहे.

यंग यांच्या चाहत्यांचेही एक विधान दुरुस्त करायला हवे. यंग कायम एकाच राजकीय गोटात होते, असे ते म्हणतात; पण तसे नाही. १९८०च्या दशकात त्यांनी बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याविषयी चांगले उद्गार काढले होते, तर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अपहृत विमानातील प्रवाशांच्या प्रतिकारावर ‘लेट्स रोल’ हे गाणे लिहिले होते. अमेरिकी राजकारणावर बोलणारा हा ‘परका माणूस’ कोण, हा टीकाकारांचा आक्षेप मात्र त्या काळापुरता कागदोपत्री बरोबर आहे: कॅनडातील टोरांटोत जन्मलेल्या यंग यांना अमेरिकी नागरिकत्व २०२० साली मिळाले. अर्थात, तोवर त्यांनी अमेरिकेत कित्येक दशके काढली होती.