‘एका वेल्डिंगचे ९,४०० रुपये’ या रिव्ह्यूला आमच्या वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. घरच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं गाडी उभी करायची आणि ऐन शेवटी स्टिअरिंगनं दगा द्यायचा, याचा मनस्ताप आम्हाला कळतो. त्रास झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की स्टिअरिंगचा कॉलम (चाकाखालचा दांडा) फूटभर वाढवायचा होता, वेल्डिंगचं दोन तासांचं काम, त्याला आठ दिवस लावले, ९,४०० रुपये घेतले, आणि वर स्टिअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं लागतं. आठ दिवस लागले, खरं आहे. ९,४०० घेतले, तेही खरं आहे. मात्र ते वेल्डिंगचे नव्हते. वेल्डिंग करायला तर आम्ही पहिल्याच दिवशी तुमच्यासमोर नकार दिला होता आणि ते रिव्ह्यूत कुठंच आलेलं नाही.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. साहेबांनी जुन्या मारुती ८०० चं सामान काढून उघडी टू-सीटर बांधलीय. इंजिन सीटच्या मागं नेलं, सीटही मागं सरकली आणि बरीच खाली गेली. ८०० चा कॉलम तिथवर पोचेना. त्यांचं म्हणणं होतं की शाफ्ट मधोमध कापा, पाइपचा तुकडा घाला आणि दोन्हीकडून वेल्ड मारा. स्टिअरिंगचा शाफ्ट म्हणजे गेटचा पाइप नव्हे. शाफ्टच्या पोलादात कार्बन जास्त असतो. थंड शाफ्टवर तसंच वेल्ड मारलं की टाक्याच्या शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. वरून टाका सुंदर दिसतो. चीर पडते ती त्याच्या कडेला, आणि रोजच्या पिळानं हळूहळू आत जाते. सहा महिने काही जाणवत नाही. मग एखाद्या वळणावर हातातलं चाक फिरतं आणि पुढची चाकं सरळच जातात. ब्रेक बिघडताना निदान पेडलला तरी कळतं, इथं काहीच कळत नाही.

दुसरी मागणी होती की एक क्रॉस (शाफ्टला कोनात वळवणारा सांधा) कमी करून रॅकपासून, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या भागापासून, थेट सरळ शाफ्ट द्या, म्हणजे खर्च वाचेल. त्यालाही आम्ही नाही म्हणालो आणि पुन्हा विचारलंत तरी नाहीच म्हणू. कॉलम आणि रॅकच्या मधला शाफ्ट दोन क्रॉसवर तिरका बसवलेला असतो तो समोरून धडक बसली तर दुमडावा म्हणून. सरळ शाफ्ट दुमडत नाही, तो चालवणाऱ्याच्या छातीत येतो.

म्हणून कापाकापी न करता मधला शाफ्ट अख्खाच नवीन केला. ईएन-१९ या मजबूत पोलादाचा एकसंध बार आणला, लेथवर काढला. दोन्ही टोकांचे स्प्लाइन (जोड घट्ट बसवणारे दाते) जुन्या नमुन्यावरून मोजून डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे सारख्या अंतरावर दाते पाडायच्या साधनावर, कापून घेतले. हे काम आमच्याकडे होत नाही, इथल्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतच दुसऱ्या शॉपमध्ये जातं. त्यांची मोठी ऑर्डर मशिनवर असेल तर आपला एक नग थांबतो. आठ दिवसांतला बराच वेळ तिथं गेला, आणि हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. दोन्ही क्रॉस नवे घातले. शाफ्ट लांबला म्हणून मध्ये आधाराला बेअरिंग आणि ब्रॅकेट दिला, नाहीतर तो थरथरतो. निम्म्याहून जास्त पैसे या मालाला आणि बाहेरच्या कामालाच गेले. ‘कोपऱ्यावरचा वेल्डर पाचशेत करतो’ हे तुम्ही आमच्या टर्नरसमोर म्हणालात. तो माणूस माझ्या वडिलांच्या काळापासून या लेथवर उभा आहे. त्या दिवशी तो काही बोलला नाही, पण मला ते फार लागलं.

आता जड-हलक्याबद्दल. गाडी आमच्याकडून गेली तेव्हा चाक एका बोटानं फिरत होतं, तुम्ही स्वतः फिरवून पाहिलंत. नंतर चॅसिस पावडर कोटिंगला देताना तुम्ही शाफ्ट सोडवला. क्रॉस कोनात चालला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं राहतो. कोन ३० अंश असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना १३ ते १५ टक्क्यांपर्यंत जातो. दोन्हीकडचे कोन सारखे ठेवून मधल्या शाफ्टचे दोन्ही फोर्क (क्रॉस धरणारी बेचकी) एका रेषेत बसवले की एकाची चूक दुसरा भरून काढतो. रेषा चुकली की दोन्ही चुका मिळून वाढतात आणि चाक मध्येच जड, मध्येच हलकं लागतं. ती चुकू नये म्हणून आम्ही फोर्कवर आणि शाफ्टवर पंचानं समोरासमोर टिंब मारून दिलं होतं. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला फोटो मोठा करून बघा. फोर्कवरचं टिंब वर आहे, शाफ्टवरचं पार कडेला गेलंय.

गाडी रस्त्यावर चालवायच्या कागदांबद्दलही तुम्ही लिहिलंय. ते कुठलंच वर्कशॉप देऊ शकत नाही. नव्या बनावटीची गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून पास व्हावी लागते. ‘फक्त खासगी जागेत वापर’ असं बिलावर लिहून तुमची सही घेतली होती ती त्याचसाठी.

आमच्याकडं बाजा या कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी बग्ग्या बांधणारी इंजिनिअरिंगची पोरं येतात. ती आधी रिव्ह्यू वाचतात, मग फोन करतात. एका ताऱ्याची किंमत आमच्यासारख्या छोट्या शॉपला काय मोजावी लागते ते तुम्हाला सांगायला नको. यापुढं अंदाज लेखी द्यायचं आणि काम कुठं अडलंय ते वेळेवर कळवायचं आम्ही बघतो आहोत.

गाडी घेऊन या, फोर्क लावून देतो, पैसे नकोत. रविवार सोडून कधीही या. फक्त गाडी टेम्पोवर टाकून आणा, चालवत आणू नका. फोटोत फोर्क शाफ्टवर आवळणारा पिंच बोल्टही पूर्ण आत गेलेला दिसत नाही. तो शाफ्टच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे, नाहीतर फोर्क स्प्लाइनवरून निसटू शकतो. तो आज संध्याकाळीच बघून घ्या.