तोळाभर गोळी

ओहायोत परसात लावलेली मेथी सलग तीन वर्षे पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी आमच्याआधी खाल्ली, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला शिकारीला यायचे आमंत्रण दिले आणि "काडतूस कोणते ते तेवढे ठरवून ठेवा," असे, चहात साखर किती विचारावी इतक्या सहजपणे सांगितले. ज्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे दरवाजे बंदच होत गेले, तिथून आलेल्या माणसाला हे 'तेवढे' किती मोठे असते, याची त्यांना कल्पना नव्हती.

पहिला गोंधळ काडतुसांच्या नावांचा. थर्टी-ऑट-सिक्समधला सहा म्हणजे १९०६ साल, थर्टी-थर्टीमधला दुसरा तीस म्हणजे मूळच्या भरणातली तीस ग्रेन बंदुकीची दारू (ग्रेन हे गोळी-दारू तोलायचे इंग्रजी वजन), आणि १९२५ च्या टू-सेव्हन्टीची गोळी मोजायला जावे तर ती ०.२७० नव्हे, ०.२७७ इंच भरते. म्हणजे एकाच्या नावात जन्मसाल, दुसऱ्याच्या नावात खुराक आणि तिसऱ्याच्या नावात धडधडीत थाप.

ग्रेनचा हिशेब मात्र मला, सराफाच्या मुलाला, जमला. इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, त्यामुळे १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा, हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितले. "हरणाला तोळा घालणार आहेस?" ती म्हणाली. "माझ्या पाटल्यांचं बोलणं दिवाळीपासून राहिलंय."

पुढे टेक्सासच्या एका सहकाऱ्याची थर्टी-ऑट-सिक्स चालवून पाहिली, तेव्हा दस्त्याने खांद्याला असा दणका दिला की दोन दिवस मी डाव्या हाताने जेवलो. कमी धक्क्याच्या, २००७ सालच्या सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूरचे नाव काढताच त्या गृहस्थाने, पुरणपोळीबरोबर केचप मागितल्यासारखे माझ्याकडे पाहिले. अखेर दीड महिन्याच्या अभ्यासानंतर, रायफलीचा पत्ता नसताना, मी थ्री-नॉट-एट विंचेस्टरचे वीस-वीसचे दोन खोके घेऊन आजोबांपुढे ठेवले.

त्यांनी एक काडतूस उचलले, पितळी पुंगळी जिथे निमुळती होते तिथे अंगठा फिरवला आणि हळहळून म्हणाले, "याला मान आहे हो." ओहायोत हरणासाठी रायफलीचे काडतूस सरळ नळकांड्यासारखे आणि ०.३५७ ते ०.५० इंच मापाचेच चालते; माझ्या अभ्यासातल्या झाडून सगळ्या उमेदवारांना मान होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी बिनमानेचे, २०१९ सालचे थ्री-फिफ्टी लेजंड मागितले आणि एकदाचा सुटलो म्हणून श्वास सोडला. विक्रेत्याने फळीवरून दोन खोके उतरवले आणि शांतपणे विचारले, "१५० ग्रेन देऊ, की १८०?"