कुणाचं देणं नाही ना?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे.

ऐरोलीला दादाकडे जेवायला गेले होते. पुतणीची बारावी झाली, तिला इंग्रजी साहित्य शिकायचंय. मला किती आनंद झाला ते तुम्हा मंडळींना सांगायला नको. पण जेवणं झाल्यावर दादाने एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक पुढे केलं. बीए ऑनर्स, इंग्रजी. वर्षाला 3 लाख, आणि नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्स म्हणजे चार वर्षं. 12 लाख! नुसती फी. "लोन काढतोय," म्हणाला. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, म्हणून सिडकोच्या घराचे कागद काढून ठेवलेत. ज्या घराचा शेवटचा हप्ता त्याने दोन वर्षांपूर्वी भरला आणि आम्हाला पेढे दिले, त्याच घराचे.

तिथे मी गप्प बसले. पोरीसमोर काय बोलणार? पण ठाण्याला परत येताना लोकलमध्ये 2007 सालची ती पहाट आठवत राहिली.

मी तेव्हा नुकती बीए इंग्रजी झालेली. ठाण्यातलंच अनुदानित कॉलेज, अख्ख्या वर्षाची फी बाबांच्या अर्ध्या पगाराएवढीसुद्धा नव्हती. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला लागले. काम वसुलीचं. अमेरिकेतल्या लोकांना फोन करून क्रेडिट कार्डाचे थकलेले पैसे मागायचे. एका रात्री पलीकडची बाई बोलता बोलता रडायला लागली. शाळेत इंग्रजी शिकवायची. चाळिशी आलेली, आणि कॉलेजसाठी काढलेलं कर्ज अजून फिटलं नव्हतं. पगार त्या हप्त्यात जायचा आणि घर कार्डावर चालायचं. तिकडे दिवाळखोरी जाहीर केली तरी शिक्षणाचं कर्ज सहसा सुटत नाही, हे मला त्या रात्री कळलं. मी बावीस वर्षांची. स्क्रीनवर लिहिलेलं पुढचं वाक्य मला वाचताच येईना. हेडफोन काढला, उठले, पहाटेच्या गाडीने घरी आले.

बाबांना सांगितलं, नोकरी सोडली. त्यांनी चहा टाकला. एवढंच विचारलं, "कुणाचं देणं नाही ना?"

"नाही."

"मग झोप."

त्यानंतर आठ महिने मी जेमतेम 4 हजारांवर एका छोट्या प्रकाशकाकडे प्रुफं वाचली. मग भाषांतरं. मग शिकवण्या, मग पुन्हा भाषांतरं. आज बरं चाललंय. पण हे "बरं" यायला सात-आठ वर्षं गेली. इंग्रजीच्या पदवीचं असंच असतं हो! कमाई येते, पण पायरीपायरीने येते, आणि मधल्या दोन-चार पायऱ्या सोडून द्याव्या लागतात. ते सोडता येणं हीच माझी खरी कमाई होती.

आता दादाचा हिशोब घ्या. 12 लाख, 11 टक्के, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण साडेसोळा हजार. एकूण परतफेड जवळजवळ 20 लाख, आणि शिकत असताना चढणारं व्याज वेगळंच. कोर्स संपल्यावर फार तर एक वर्षाची सवड. आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात बीए इंग्रजी झालेली एक हुशार मुलगी 22 हजारांवर घेतली. हप्ता गेल्यावर हातात साडेपाच हजार. त्यात रेल्वेचा पास, डबा, आजारपण, सगळं. असली नोकरी आमची पुतणी पहाटे उठून सोडेल? कशी सोडेल? वसुलीचाच फोन हातात दिला तरी करत राहील.

आणि त्या विद्यापीठाचा तो समुपदेशक! आम्ही जेवत असताना दोनदा फोन. "सर, व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते." अरे, 22 हजारांच्या पगारावर टॅक्स लागतो कुठे? सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाशी असं बोलताना जीभ अडखळत नाही? इंग्लंडमध्ये निदान पगार ठराविक मर्यादेच्या वर गेला तरच हप्ता कापतात, तोही वरच्या रकमेच्या 9 टक्के, आणि बरीच वर्षं गेल्यावर उरलेलं माफ करतात. आपल्याकडे हप्ता कुणाचा पगार बघून येत नाही.

लगेच कुणीतरी लिहील, "म्हणूनच सांगतो, बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची पदवी, करू दे." कृपा करून लिहू नका. मामांनी आज तेच ऐकवलं, "इंग्रजी काय, मोबाइल बघूनही येतं." भाषा शिकणं आणि साहित्य शिकणं यातला फरक कळत नसेल तर निदान पोरीच्या तोंडावर हसू नये. तिचा चेहरा पडला होता. ती शिकेल, इंग्रजीच शिकेल.

हो, खासगी ठिकाणी वर्ग लहान असतात, शिक्षक भेटतात, हे खरं. आणि आपल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर राबवून घेतलेले प्राध्यापक असतात, हेही खरं. मान्य.

दादावर रागावून लिहायला बसले होते, पण आता राग राहिला नाही. वागळे इस्टेटमधली बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा दादा दहावीत होता. त्याला कॉलेजला जायचं होतं, आयटीआयला गेला, घर सावरलं. माझी फी त्याच्या स्टायपेंडमधून गेलीय, हे बाबा कधी बोलले नाहीत, मला आईने नंतर सांगितलं. "कुणाचं देणं नाही ना" याचं उत्तर मी त्या पहाटे "नाही" असं दिलं. दादाचं होतं, आणि त्याने कधी मागितलं नाही. स्वतःला जे मिळालं नाही ते त्याला लेकीला भारीतलं द्यायचंय. कागद कपाटातून काढताना त्याच्या मनात तेच असणार.

रात्री त्याला फोन केला. म्हटलं, "दादा, ठाण्यात अनुदानित कॉलेजला फॉर्म भरूया. पुस्तकं माझ्याकडे. घराचे कागद परत ठेव." बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू एकदा तिच्याशी बोल."

रविवारी तिला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जातेय. 1893 पासूनची संस्था, आणि ऐरोलीच्या आमच्या पोरीने ती अजून पाहिलेली नाही. तिथे बसून सगळं सांगेन, त्या बाईच्या फोनसकट.

ठाणे, कळवा, ऐरोलीत कुणाकडे एफवायबीए इंग्रजीची जुनी पुस्तकं असतील तर इनबॉक्स करा. मी येऊन घेऊन जाईन.