डिसेंबरात ४३, मेमध्ये ६४: एक स्टार दिलेल्या ग्राहकाला परभणीच्या दुकानातून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, सकाळी दुकान उघडायच्या आधी परत वाचला. तुमचं म्हणणं असं: आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड मागितलं तर मी त्याखालचं ५०८० गळ्यात मारलं. कार्ड पाण्यानं गार ठेवणारं वॉटर कूलिंग बसवायला आठ दिवस सांगून सव्वीस दिवस लावले. ‘कार्ड पंचेचाळीसच्या वर जाणार नाही’ म्हणालो आणि मेमध्ये ते ६४ अंशांवर गेलं. टाकीतलं पाणी कमी झालं म्हणून मशीन आणलं, तर गळती मान्य न करता लूप, म्हणजे पाणी फिरवणारी नळ्यांची सगळी जोडणी, धुण्याचे पंधराशे रुपये घेतले. आणि शेवटी, हे काम परभणीत होतच नाही, पुण्याहून करून घ्यायला पाहिजे होतं. यात जिथं चूक माझी आहे ती आधी सांगतो.

पंचेचाळीसचं वाक्य मी बोललो होतो. डिसेंबरातली रात्र होती, दुकानात १९ अंश होते, तासभर गेम चालवून कार्ड ४३ वर थांबलं होतं. तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढत होतात, मलाही काम जमल्याचा आनंद झाला होता आणि त्या भरात मी ते बोलून गेलो. परभणीत धंदा करणाऱ्यानं असं बोलायला नको होतं. आपल्याकडं हिवाळ्यात पहाटे पारा एक आकडी होतो आणि मेमध्ये दुपारी बेचाळीसच्या पुढं जातो. अशा गावात खोली किती तापलेली असेल ते न सांगता कार्डाचा आकडा सांगितला, तर गिऱ्हाईक मेमध्ये फसल्यासारखं होणारच. तुम्हाला तसं वाटलं, त्याचं कारण मीच आहे.

पण लूप बिघडलं आहे, हे मात्र खरं नाही. वॉटर कूलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माठ येतो. माठातलं पाणी गार होतं कारण त्यातलं थोडं झिरपून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कूलरच्या ताट्यांचंही तेच. तुमच्या कॉम्प्युटरच्या केसमधलं (डब्यातलं) पाणी बंद नळीत फिरतं, त्याला उडून जायला जागा नाही. ते हमालाचं काम करतं: कार्डावरची उष्णता उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची, पंख्यांनी ती खोलीत सोडायची. एक लिटर पाणी एक अंशानं तापायला साधारण ४,२०० ज्यूल लागतात. ५०८० पूर्ण जोरात ३६० वॅट घेतं, म्हणजे सेकंदाला ३६० ज्यूल. रेडिएटर नसता तर तुमच्या लूपमधलं लिटरभर पाणी दर बारा सेकंदांना एक अंश चढलं असतं, चार मिनिटांत वीस अंश. म्हणजे पाणी किती आहे यानं फारसं काही ठरत नाही. रेडिएटर केवढा आहे आणि त्यातून जाणारी हवा किती तापलेली आहे, यावर सगळं आहे. खोली ३९ वर असेल तर पाणी ३९ च्या खाली येऊच शकत नाही.

आज सकाळी फोनवर तुम्हीच सांगितलंत की ६४ चा फोटो काढला तेव्हा खोलीतला थर्मामीटर ३९ दाखवत होता. वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब, दुपारचे तीन. आता वजाबाकी करून बघा. डिसेंबरात ४३ मधून १९ गेले, राहिले २४. मेमध्ये ६४ मधून ३९ गेले, राहिले २५. तो एक अंश माझ्या अंदाजानं समोरच्या जाळीवरच्या धुळीचा आहे. पुण्यात हेच लूप पाच-सहा अंश कमी दाखवेल, कारण तिथली खोली कमी तापते. परभणीत काम होत नाही हे वाक्य म्हणूनच मला लागलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण लहानपणापासून म्हणत आलो, आणि मी पुण्याची नोकरी सोडून इथं दुकान टाकलं ते हेच काम इथं करायचं म्हणून.

६४ म्हणजे कार्डाला धोकाही नाही. या कार्डाची कमाल मर्यादा कंपनीनं ८८ दिली आहे. दुकानातलं पंख्यावर चालणारं ५०८० याच आठवड्यात, खोली ३८ असताना, ७६ वर होतं आणि पंख्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. तुमचं मशीन त्याच कामाला शांत चालतं. फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र दोन्हीकडं जवळपास सारखेच मिळतात. पाणी घ्यायचं तर शांततेसाठी आणि कार्ड कमी तापावं म्हणून घ्या, फ्रेम वाढतील म्हणून नको, हे मी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं होतं आणि आजही सगळ्यांना सांगतो.

५०९० चं. ते विकलं असतं तर मला जास्त सुटले असते. तुमचा मॉनिटर १४४० पीचा आहे, त्यावर साधारण ३७ लाख पिक्सेल भरायचे असतात. फोर-के मॉनिटरवर ८३ लाख, म्हणजे सव्वादोन पट. ५०९० ची ताकद तिथं कामाला येते. शिवाय ते एकटं ५७५ वॅट घेतं, कंपनी त्याला १००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते आणि तुमच्याकडं ८५० चा आहे. ती सगळी उष्णता त्याच वरच्या खोलीत पडली असती. तुम्ही उद्या फोर-के मॉनिटर घेतलात तर ५०९० चा विचार पुन्हा करू. तोवर माझा सल्ला तोच राहील.

उशीर पूर्ण माझ्यामुळं झाला. चिप तीच असली तरी प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा असतो आणि वॉटर ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून पाणी फिरणारा ठोकळा, त्या बोर्डाच्या मापानंच घ्यावा लागतो. मी कार्डाच्या नावावरून ब्लॉक मागवला, बोर्डाच्या फोटोशी ताडून पाहिला नाही. आला तो त्याच नावाच्या दुसऱ्या बोर्डाचा. दाबून बसवला असता तर एका कडेला कॉइलवर टेकला असता आणि चिपवर फट राहिली असती. अर्ध्या मिलिमीटरची फट असली तरी कार्ड मिनिटभरात तापून बंद पडतं. म्हणून तो परत केला आणि दुसऱ्याची वाट पाहिली. शेवटचा एक दिवस गळती तपासण्यात गेला: कार्डाला वीज न देता फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. तो दिवस मी कधीच वाचवणार नाही. पण तुम्हाला तेव्हा ‘कुरिअर लेट आहे’ एवढंच सांगितलं, ते खोटं होतं. माफ करा.

पाण्याचं. नव्या लूपमध्ये रेडिएटरच्या कोपऱ्यांत हवा अडकलेली असते. ती पंधरा-वीस दिवसांत सुटून टाकीत येते आणि पातळी बोटभर खाली जाते. मशीन आणलंत तेव्हा हवेचा दाब देऊन अर्धा तास ठेवलं, काटा हलला नाही, गळती नव्हती. अडचण तुम्ही वरून टाकलेल्या जारच्या पाण्याची होती. आपल्याकडं जारच्या नावानं कुठं आरओचं पाणी येतं, कुठं नुसतं गार केलेलं बोअरचं. बोअरच्या पाण्यानं बादलीतल्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो, त्याचीच पातळ साय ब्लॉकमध्ये धरायला लागली होती. तिथल्या तांब्याच्या पात्यांमधली जागा केसासारखी बारीक असते. लूपमध्ये गंज थांबवणारं औषध घातलेलं डिस्टिल्ड पाणीच लागतं.

हे तुम्हाला कसं माहीत असणार? मी ना कागद दिला, ना वरून घालायला बाटली. म्हणून ते पंधराशे रुपये आज संध्याकाळपर्यंत तुमच्या यूपीआयवर परत येतील. आजपासून प्रत्येक लूपसोबत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली देतोय, आणि बिलावर कार्डाचं तापमान ‘खोलीपेक्षा इतके अंश जास्त’ असंच लिहितोय.

रविवारी जमलं तर मशीन घेऊन या. जाळी साफ करून देतो, पाणी बदलून देतो, पैसे नाहीत. उन्हाळ्यापुरती कार्डाची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर लावून देतो, फ्रेम थोडेच कमी होतील आणि खोलीत सत्तर वॅटची उष्णता कमी येईल. घरी केस कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, त्याचे तुषार आत जातात. कूलर चालू असताना मागची खिडकी उघडी ठेवा.

आणताना केस आडवी टाकू नका, मागच्या सीटवर उभी ठेवून पट्टा लावा. दुकानात पोहोचल्यावर लगेच चालू करू नका. पंपात हवा शिरली असेल तर तो कोरडा फिरून खराब होतो, आधी टाकी मी बघतो.