रिप्लाय आला, उत्तर नाही आलं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघतो मी. परवा नवीन पोराने परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहिला, 'प्लीज रिप्लाय मी.' म्हटलं, बाळा, रिप्लायला 'टू' लागतो. 'आन्सर मी' चालतं, 'रिप्लाय मी' चालत नाही. फोन वाजला की तोही 'आन्सर' करायचा, 'रिप्लाय' नाही.

"सर, अर्थ तर तोच की."

त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे 'मला उत्तर दे' आणि 'मला रिप्लाय दे', दोन्हीकडे एकाच 'ला'वर भागतं.

अन् मी कुठला शहाणा? सुरुवातीला मीच एका गिऱ्हाइकाला लिहिलं होतं, टॉवेलच्या काठाच्या रंगाबद्दल 'प्लीज रिव्हर्ट.' त्याने उलट विचारलं, आधीच्या कुठल्या रंगावर परत जायचंय? रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'उत्तर द्या' हा अर्थ आपल्या ऑफिसांनी त्याला चिकटवलाय. मालकांचा 'रिव्हर्ट बॅक' अजून चालूच आहे, पण मालकांना कोण सांगणार!

तेव्हापासून या शब्दांची मुळं बघायची खोड लागली. रिप्लाय मूळचा लॅटिन, अर्थ मागे दुमडणं. म्हणजे घडीच की हो! मोठी चादर दोघं कशी घडी करतात बघा. दोन टोकांना दोघं, मग एक जण चालत येतो, आपल्या हातातली टोकं समोरच्याच्या हातात देतो आणि खाली लोंबणारी घडी उचलतो. आपल्याकडचं टोक समोरच्याकडे पोचवायचं, एवढंच रिप्लायचं काम.

आन्सरचं तसं नाही. त्यात 'स्वेअर' लपलाय, शपथ. आरोप झाला की शपथेवर खोडून काढायचा, हा त्याचा जुना अर्थ. आपला पोलीस ठाण्यातला 'जबाब' त्याच्या जवळचा. जबाबवरून जबाबदारी, तशीच रिस्पॉन्डवरून रिस्पॉन्सिबिलिटी. योगायोग असेल, पण मला आवडतो.

सगळ्यात गोड शब्द मात्र आमच्या पूर्व भागात मिळाला. शेजारच्या तेलुगू घरात आई पोराचा अभ्यास घेताना ओरडते, "समाधानम् चेप्पु!" तेलुगूत समाधानम् म्हणजे उत्तर. हे कळेपर्यंत मला वाटायचं, आधीच रडणाऱ्या पोराकडे ही बाई समाधान कशाला मागते!

आता सगळ्याला एकच रिप्लाय. हाकेला 'ओ' होती, पत्राला उत्तर होतं, मोठ्यांपुढे तोंड चालवलं तर उलट उत्तर होतं आणि त्यावर पाठीत धपाटा होता.

पुण्यातल्या लेकाला काल बायकोने मेसेज केला, "जेवलास का?" दोन तासांनी अंगठा आला. आम्ही दोघं अजून वाद घालतोय, जेवला की नुसतं वाचलं?